लोलाच्या गॅरेजमधले बोंबील

अमेरिकेहून आल्यापासून जो तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" मी सांगते, "फिलिपिन्स." मग विचारणारा हळूच आमच्या ह्यांच्याकडे बघतो, हिला विमानात काही झालं की काय म्हणून. चार माणसांत खुलासा करायला माझी जीभ उचलत नाही, म्हणून इथे वहीत लिहून ठेवते. वही इराची आहे. दोन पानं भरली की तिथे अमेरिकेत वही जुनी होते.

इरा माझी नात, नऊ वर्षांची. तिची आई सुजाता, म्हणजे माझी मुलगी, आणि जावईबापू निरंजन टेक्सासात प्लेनो नावाच्या गावी असतात. मी मार्चमध्ये गेले, ऑगस्टात परत आले. घर मोठं, रस्ते मोठे, रस्त्यावर माणूस नाही. सगळे गाडीतून जातात. इंग्रजी मला येत नाही. आमच्या वेळी ते पाचवीपासून असायचं आणि माझी शाळा चौथीला सुटली. एका वर्षाने हुकलं.

पण खरी अडचण इंग्रजीची नव्हती, मासळीची होती. जावईबापू पुण्याचे, जन्माचे शाकाहारी. सुजाताने लग्नानंतर घरात मासळी शिजवणं सोडलं. माझी बॅग उघडली तेव्हा साडीच्या घडीत हर्णैच्या बाजारातल्या सुक्या बोंबलांचं पाकीट निघालं. मी विमानतळावर ते दाखवलंही होतं, त्यांनी काही म्हटलं नाही. सुजाता मात्र म्हणाली, "आई, हे या घरात उघडायचं नाही हं. प्लीज. निरंजनला वासाने मळमळतं." मी पाकीट परत बॅगेत ठेवलं. कधीमधी बॅग उघडून बघायची, तेवढंच समाधान.

शेजारचं गॅरेज

जूनमधली सकाळ. मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत होते, तोच कुंपणापलीकडून वास आला. सुकी मासळी तळल्याचा. तीन महिन्यांनी. मी तांब्या तिथेच ठेवला आणि पुढच्या बाजूने निघाले. आयुष्यात कुणाच्या घरी न बोलावता गेलेली बाई नाही मी, पण त्या दिवशी पाय माझं ऐकेनात.

शेजारच्याच घराचं गॅरेज उघडं होतं. गाडी बाहेर उन्हात, आणि गाडीच्या जागी स्वयंपाकघर: विजेची शेगडी, टेबल, तांदळाची गोण, दोरीवर फडकी. फुलाफुलांचा झगा घातलेली एक म्हातारी, माझ्याहून बोटभर बुटकी, पायांत सपाता, तव्यावर मासे परतत होती. तिने मला बघितलं आणि ताटाकडे हात करून काही म्हणाली. जेवायला ये म्हणाली, हे कळायला कुठलीच भाषा लागत नाही.

मी मराठीत म्हटलं, "नको नको, आत्ताच चहा झालाय." आणि एक पाऊल पुढे टाकलं. तिने पुन्हा म्हटलं. मी पुन्हा "नको" म्हटलं आणि आणखी एक पाऊल पुढे. तिसऱ्यांदा तिने न बोलता प्लास्टिकची खुर्ची ओढून दिली. दोनदा नको म्हणायचं असतं हे तिला कसं ठाऊक, याचं मला नवल वाटलं. पुढे कळलं, त्यांच्यातही असंच असतं.

लसूण घालून परतलेला भात, तारल्यांसारखी लहान सुकी मासळी, टोमॅटोच्या फोडी आणि वाटीत व्हिनेगरमध्ये ठेचलेला लसूण. तिने मला चमचा आणि काटा दिला. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग तिने स्वतःचा चमचा बाजूला ठेवला आणि सरळ हाताने जेवायला लागली. मी मान खाली घालून जे सुरू केलं ते ताट पुसूनच थांबले.

तेवढ्यात इरा धापा टाकत आली. "आज्जी! मी तुला सगळीकडे शोधलं! यू कान्ट जस्ट वॉक इन्टू पीपल्स गॅरेज!"

आतून तिच्याच वयाची एक मुलगी डोकावली. "हाय, इरा."

"ओह. हाय, बेया." इराचा आवाज एकदम खाली आला. दोघी एकाच वर्गातल्या निघाल्या. "आज्जी, ही बेयाची लोला आहे. लोला मीन्स आज्जी. ते फिलिपिन्सचे आहेत."

बेयाने लोलाला सांगितलं की मी इराची लोला. त्या दिवसापासून ती मला लोला म्हणायची आणि मी तिला. दोन म्हाताऱ्या एकमेकींना आजी म्हणतात म्हणून मुली हसून बेजार व्हायच्या.

लोलाचं घर

मग मी रोज जाऊ लागले. जावईबापू वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये, सुजाता ऑफिसला, इराला सुट्टी. इरा आणि बेया आमच्या दुभाषी. लोला बेयाला सांगायची, बेया इराला इंग्रजीत, इरा मला अर्ध्या मराठीत. तिकडून चार वाक्यं निघाली की माझ्यापर्यंत एक पोचायचं.

पहिल्याच आठवड्यात लोलाने विचारलं: मुलं किती, नवरा काय करतो, तो का आला नाही, आणि माझं पोट का सुटलंय. इरा लाजून म्हणाली, "आज्जी, हे मी नाही विचारत हं, लोला विचारतेय." मला मात्र फार बरं वाटलं. प्लेनोत सगळे "हाऊ आर यू" म्हणतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जातात. इथे माझ्या पोटाची चौकशी झाली.

लोलाच्या भिंतीवर माणसाएवढा लाकडी चमचा आणि तेवढाच काटा टांगलेला आहे. मला वाटलं, पूर्वी गावजेवणाचा भात ढवळत असतील. पण नाही, नुसती शोभा. कोपऱ्यात त्यांचा बाळ येशू, मखमलीचा झगा आणि मुकुट घातलेला, अगदी आपल्या बाळकृष्णासारखा. त्याचे झगे लोला सणाप्रमाणे बदलते. दाराशी चपलांचा ढीग. आणि भला मोठा पुठ्ठ्याचा खोका: साबण, टॉवेल, चॉकलेटं, डबाबंद मांस. लोलाची मुलगी जॉय नर्स आहे, ती दर पगाराला त्यात थोडं थोडं टाकते. भरला की खोका जहाजाने गावी जातो. प्रत्येक वस्तूवर कुणा ना कुणाचं नाव. "सगळ्या गावाला साबण इथूनच," लोला म्हणाली. आमच्या बॅगांत जाताना लाडू आणि येताना चॉकलेटं, तसंच.

पण मी खरी हरखले ती त्यांच्या संडासात. तिथे बादली आणि तिच्यावर लाल प्लास्टिकचा मग! सुजाताकडे तीन महिने मी दह्याच्या रिकाम्या डब्यावर भागवत होते. बाहेर येऊन मी लोलाचे दोन्ही हात धरले. काय झालं ते मुलींना कळेना, आणि मी सांगणार तरी कशी?

एक फजिती सांगते. मी खुणेने मीठ मागितलं. लोलाने ओठांचा चंबू केला आणि माझ्याकडे बघितलं. मी कानापर्यंत लाल. मी पुन्हा मागितलं, तिने पुन्हा चंबू केला. शेवटी बेया म्हणाली की मीठ माझ्या पाठीमागे आहे. हात कामात असले की ही माणसं वस्तू ओठांनी दाखवतात. आणि भुवया उडवल्या तर त्याचा अर्थ होय. आठवडाभराने मीही करायला लागले. सुजाताने विचारलं, "आई, माझी किल्ली बघितलीस?" मी ओठांनी फडताळ दाखवलं. ती घाबरून म्हणाली, "आई, तोंड वाकडं का होतंय तुझं? हात वर करून दाखव बघू!"

ओतीव बैल

एका शनिवारी जॉयला सुट्टी होती. तिने आम्हा सगळ्यांना आधी त्यांच्या लोकांच्या दुकानात नेलं. तिथे जांभळं आइस्क्रीम होतं. चाखलं तर कोनफळ! आपण कोनफळ उकडतो नाहीतर उंधियूत घालतो, त्यांनी त्याचं आइस्क्रीम, केक, पाव सगळं केलंय. दुसऱ्या एका ग्लासात किसलेला बर्फ, दूध, जेली आणि तळाशी राजमा. गोड राजमा. तो मी इराकडे सरकवला.

तिथून रेल्वेने डॅलस. तिथे एका बागेत धातूचे ओतलेले मोठाले बैल आहेत, कळपच्या कळप टेकडीवरून उतरताना दाखवलाय. लोलाने जवळजवळ प्रत्येक बैलापाशी फोटो काढून घेतला, काही माझ्यासकट. मग आम्ही कट्ट्यावर बसलो. लोलाने पिशवीतून केळीच्या पानात बांधलेला भात आणि आंबट-तिखट कोंबडी काढली. वास आला तशी माझी भूक खवळली.

लोलाची एक रीत आहे. जेवायला बसलं की समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला "या जेवायला" म्हणायचं. ओळख असो नसो. लोक हसतात, हात हलवतात, जातात. पण तिथून एक उंच टोपीवाला गोरा आजोबा चालला होता. लोलाने त्यालाही पुडी दाखवली. तो थांबला. म्हणाला, "व्हाय, थँक यू, मॅम," आणि खरोखरच बसला! भात खाल्ला, कोंबडी खाल्ली, बोटं चाटली, बैलांची माहिती सांगितली आणि टोपी उचलून गेला.

लोला माझ्याकडे बघत राहिली, मी लोलाकडे. पुडीत फक्त पान उरलं होतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की आधी दोनदा नको म्हणायचं असतं. आम्ही दोघी इतक्या हसलो की कट्ट्यावरून खाली यायची वेळ. मुली विचारत होत्या, "व्हॉट? व्हॉट हॅपन्ड?" त्या दिवशी दुभाष्यांना पहिल्यांदाच काही कळलं नाही.

माझे बोंबील

रोज तिचं खायचं आणि आपण काय द्यायचं? पोहे दिले, नारळाच्या वड्या दिल्या. पण मासळीची परतफेड मासळीनेच करायला हवी. एका मंगळवारी मी बॅगेतलं पाकीट पदराखाली घेतलं आणि गॅरेज गाठलं.

बोंबील आधी शेगडीवर नुसते भाजले. मग लसूण, कांदा, तिखट, कोकम घालून रस्सा केला. बोंबील भाजल्याचा वास काही लपून राहणारा नसतो. त्यात दारासमोरून वारा आत येत होता आणि मागच्या खिडकीतून थेट आमच्या घराकडे जात होता. लोला डोळे मिटून वास घेत होती. चार बोंबील खाऊन झाल्यावर तिने माझी पाठ थोपटली. मी इतकी खुशीत होते की दुसऱ्या दिवशीही केले. चारच उरले.

पुढच्या सोमवारी गेले तर गॅरेजचं दार बंद. दार बंद असलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. बेया बाहेर आली आणि इराशी हळू बोलली. वस्तीच्या सोसायटीची चिठ्ठी आली होती: गॅरेजमध्ये स्वयंपाक करायचा नाही, शेजाऱ्यांची वासाबद्दल तक्रार आहे. जॉयने शेगडी उचलून माळ्यावर टाकली. आतल्या स्वयंपाकघरात मासे तळले की धुराचा भोंगा वाजतो. आणि येत्या शनिवारी लोलाचा ऐंशीवा वाढदिवस, चाळीस माणसं यायची होती.

"जॉय आंटी वॉज सो मॅड," इरा मला म्हणाली. "तिने विचारलं, असला वास कशाचा होता? आणि लोला सेड, ते माझे फिश होते. बट आज्जी, ते तर तुझे होते ना?"

लोलाने माझं नाव घेतलं नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवताना जावईबापू सुजाताला म्हणाले, "बाय द वे, तो वास बंद झाला, नोटिस केलंस? मीच सोसायटीला ई-मेल टाकला होता. दोन दिवस यार, मीटिंगमध्ये बसवत नव्हतं."

तक्रार माझ्या घरातून गेली होती, वास माझ्या बॅगेतून, आणि शिक्षा लोलाला.

नंतर भांडी लावताना मी सुजाताला सगळं सांगितलं. ती डोक्याला हात लावून म्हणाली, "आई! तुला मी काय सांगितलं होतं?"

"या घरात उघडायचं नाही म्हणालीस. मी त्या घरात उघडलं."

ती जरा वेळ रागाने ताटं रचत राहिली. मग दाराकडे बघून हळूच म्हणाली, "सगळे संपवलेस?"

"चार आहेत."

"बरं," ती म्हणाली, आणि लगेच, "पण निरंजनला सांगू नकोस. झालं ते झालं."

सांगणं मला तसंही जमणारं नव्हतं. आमच्याकडे सासू जावयाशी फारसं बोलत नाही. अकरा वर्षांत मी त्यांना "जेवलात का" आणि "कधी आलात" यापलीकडे काही विचारलेलं नाही, आणि दोन्हींची उत्तरं मला दिसतच असायची. मंगळवारी मनाचा हिय्या करून चहा घेऊन वर गेले. ते कानावरचं काढून म्हणाले, "हं, आई?" मी म्हटलं, "साखर पुरे ना?" ते म्हणाले, "हो." मी खाली आले. बुधवारी पुन्हा गेले. पुन्हा साखरच विचारली. ते म्हणाले, "आई, साखर रोज बरोबर असते."

गुरुवारी बेया केळीच्या पानात बांधलेला गोड भात घेऊन आली. लोलाने पाठवलेला, माझ्यासाठी. पान सोडलं आणि माझे डोळे भरून आले. जिच्यामुळे तिची चूल गेली तिलाच तिने खाऊ पाठवला होता.

दुपारी जावईबापू पाणी प्यायला खाली आले. मी बॅगेतून पाकीट आणलं आणि ओट्यावर त्यांच्यासमोर ठेवलं. चार बोंबील. ते दोन पावलं मागे सरकले.

"आई, हे काय?"

"तो वास," मी म्हटलं. "लोलाचा नव्हता. माझा होता. दोन्ही दिवस मीच भाजले. ती म्हातारी माझं नाव न घेता गप्प बसलीय. तिचा शनिवारी वाढदिवस आहे, आणि तिला चूल नाही."

एवढं लांबलचक मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर पदर तोंडाला लावून उभी राहिले. ते एकदा पाकिटाकडे, एकदा माझ्याकडे बघत होते.

"म्हणजे मी माझ्याच सासूबाईंची कम्प्लेंट केली?"

"हो."

"मग तुम्ही त्याच दिवशी का नाही बोललात?"

"आले होते ना. दोनदा. साखर विचारून गेले."

आधी त्यांचे खांदे हलले, मग ते ओट्याला धरून मोठ्याने हसायला लागले. हसता हसता नाकाला रुमाल लावला, कारण पाकीट उघडं होतं.

मग मात्र ते गंभीर झाले. सोसायटीला पत्र लिहिलं की तक्रार मागे घेतो. उत्तर आलं, पत्र मिळालं, पण गॅरेजमध्ये चूल चालणार नाही, नियम म्हणजे नियम. जावईबापूंनी ते नियम काढून उभ्या उभ्या वाचले. "मागच्या अंगणात ग्रिल अलाउड आहे," ते म्हणाले. आमच्या अंगणात त्यांची मोठी ग्रिल झाकून ठेवलेली असते, बाजूला गॅसची शेगडीसुद्धा आहे. तिच्यावर त्यांनी आजवर मक्याची कणसं आणि पनीर याशिवाय काही भाजलेलं नाही. शुक्रवारी ते स्वतः ती ढकलत लोलाच्या अंगणात घेऊन गेले. पुढे इरा, मागे मी, आणि मध्ये ती चाकांवर खडखडत.

ऐंशीवा वाढदिवस

निमंत्रण चारचं होतं. आम्ही साडेचारला गेलो, तर लोला अजून केसांना पिना लावत होती. पाहुणे सहाला आले. हे बघूनही मला घरी आल्यासारखं वाटलं.

टेबलांवर केळीची पानं अंथरून त्यावर भाताची लांब रास, बाजूला मासे, कोळंबी, आंबे. सगळे उभ्याने, हाताने. वाढदिवसाच्या शेवया तोडायच्या नाहीत, आयुष्य तुटतं म्हणे. जावईबापू शेवयांचं एक टोक तोंडात धरून दुसरं शोधत होते. त्यांच्यासाठी लोलाने नारळाच्या दुधात अळू केलं होतं, मासळी न घालता, वेगळ्या भांड्यात. त्यांनी तीनदा घेतलं.

"आई, हे तर आपलं अळूचं फतफतं!"

"चिंच नाही, गूळ नाही," मी म्हटलं. "पण बहीण आहे खरी." मी त्यांच्याशी आपणहून बोलले, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

लोला खुर्चीत बसली होती. मुलं एकेक करून तिच्यापुढे येत, तिचा हात धरून आपल्या कपाळाला लावत. त्यांचा हा नमस्कार. जावईबापूंना ते ठाऊक नव्हतं. लोलाने हात पुढे केला तसा त्यांनी तो धरून जोरात हलवला.

"बाबा, नॉट लाइक दॅट!" इराने सगळ्यांदेखत त्यांना दाखवलं. मग ते वाकले, लोलाचा हात कपाळाला लावला आणि हळूच म्हणाले, "सॉरी, लोला." बेयाने भाषांतर करायला तोंड उघडलं, पण लोलाने भुवया उडवल्या. होय. तिला कळलं होतं. मग तिने त्यांच्या दंडाला चिमटा घेऊन काही सांगितलं आणि सगळं अंगण हसलं.

"लोला म्हणते, तू फार बारीक आहेस," इरा म्हणाली. "तुझी सासू तुला काही खायला देत नाही का?"

माझे शेवटचे चार बोंबील त्या ग्रिलवर भाजले. तीन लोलाने खाल्ले. चौथा पानावरून नाहीसा झाला. सुजाता त्यानंतर बराच वेळ लिंबाने हात चोळत होती.

ऑगस्टात मला विमानतळावर सोडायला जावईबापू आले. सुजाता आणि इरा रडत होत्या, मीही. आत जायच्या आधी ते म्हणाले, "आई, पुढच्या वेळी याल तेव्हा दोन पाकिटं आणा."

मी चपापून त्यांच्याकडे बघितलं. "दोन?"

"एक लोलाला."

"आणि दुसरं?"

त्यांच्या हातात माझी बॅग होती, दुसऱ्या हातात इराचा हात. त्यांनी ओठांचा चंबू केला आणि हळूच सुजाताकडे दाखवलं.